विचारायचं आणि निघायचं

साबण अजून कारखान्याबाहेर पडला नव्हता, त्याचं वेष्टनही छापून यायचं होतं, आणि तरी सहा गल्ल्यांमधल्या दुकानांत त्याची मागणी सुरू झाली होती. बाजारात तुरी म्हणतात तशातला प्रकार. फक्त इथे ते सगळं कागदावर रेघा मारून, दुकानं मोजून, ठरवून केलेलं होतं आणि ठरवणारी होती धाकटी.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. थोरली बहीण लग्न होऊन लांब गेली, वडील गेले, धाकटीला स्वतःला मुलगी झाली, तरी आईच्या तोंडी ती धाकटीच राहिली. जाहिरात कंपनीत तिला सगळे "बाई" म्हणत, कारण साहेब म्हणे. आणि साहेबाला सगळे त्याच्यामागे "भोंगा" म्हणत, कारण तो शेजारच्या टेबलाशी बोलला तरी खालच्या मजल्यावरची माणसं मान वर करत.

तिच्या युक्तीचं नाव विचारणी. "सगळ्या गावाला हाका मारत बसण्यापेक्षा सहा गल्ल्यांच्या कानात बोलू," असं तिने साबणवाल्यांना सांगितलं होतं. चाळीस माणसं नेमायची. त्यांनी ठरलेल्या दुकानात जाऊन साबणाचं नाव घ्यायचं, आहे का विचारायचं. दुकानदार नाही म्हणणार. मग बाहेर पडायचं. अगदीच ओशाळल्यासारखं झालं तर एक काड्यापेटी घ्यायची. एका माणसाने एका दुकानात दुसऱ्यांदा जायचं नाही, साबणाबद्दल काही समजावत बसायचं नाही, रेंगाळायचं नाही. विचारायचं आणि निघायचं. दहा तोंडांनी दहा वेळा तेच विचारलं की दुकानदाराच्या मनात खुटखुट सुरू होते, की जग मागतंय ते आपल्याकडेच कसं नाही? त्यानंतर कंपनीचा विक्रेता दारात उभा राहिला की त्याला खुर्ची मिळते.

साबणाचं नाव दहिवर. तेही तिनेच सुचवलेलं, आणि तिचा तरी कुठला, शब्द आईचा. आई शाळेत शिकवायची. सकाळी दोघी मुलींना घेऊन शाळेत जाताना कुंपणापाशी थांबून गवताच्या पात्याकडे बोट दाखवायची. "दंव सगळेच म्हणतात. तुम्ही दहिवर म्हणा." शाळेला उशीर झाला तरी चालेल, शब्द चुकता कामा नये, अशी बाई.

निवृत्त झाल्यावर ती एकटीच राहत होती, आणि तीन महिन्यांपासून, म्हणजे धाकटी पुन्हा कामावर रुजू झाल्यापासून, दीड वर्षाच्या टिकलीला सांभाळत होती. सकाळी नऊला धाकटी बाबागाडी आईच्या दारात लावायची, संध्याकाळी सहाला न्यायची. त्या नऊ तासांवर धाकटीची नोकरी उभी होती.

विचारणीच्या पहिल्याच दिवशी पाचव्या गल्लीतल्या एका विचारणाऱ्याचा पाय मुरगळला. पाचवी गल्ली आईच्या घरामागचीच.

"आई, एक काम करशील? संध्याकाळी फिरायला जाशील तेव्हा तीन दुकानांत विचारायचं, दहिवर साबण आहे का. किराणा, औषधं आणि कोपऱ्यावरचं कटलरीचं."

"आहे त्यांच्याकडे?"

"नाही."

"म्हणजे नाही हे माहीत असून विचारायचं. शाळा तपासायला यायचे ते साहेब असंच करायचे."

"एकेकदाच हं आई. विचारायचं आणि निघायचं."

"एकदा सांगितलंस ना? मी काय टिकली आहे?"

संध्याकाळी धाकटीने विचारलं, जमलं का. आई म्हणाली, "न जमायला काय झालं? किराणावाला म्हणतो, दह्याचा साबण? मी म्हटलं, दही नव्हे बाबा, दहिवर. तीनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून."

"आई, समजवायचं नव्हतं काही."

"उच्चार चुकलेला ऐकून तशीच येऊ? तीस वर्षं मग काय केलं मी?"

धाकटी हसली. घरी जाऊन नवऱ्यालाही तिने ते सांगितलं, तोही हसला, आणि विषय संपला.

बारा दिवसांनी मोजणी आली. मोजायची पद्धत साधी होती. बाजारपेठेचा अभ्यास करतो असं सांगून दुकानदारांना आधीच एक तक्ता दिलेला: दुकानात नसलेली वस्तू कोणी मागितली की तिच्या नावापुढे एक रेघ मारायची, आणि जमलं तर मागणाऱ्याबद्दल दोन शब्द. तक्ते गोळा करणारी मुलगी, तिला सगळे मोजणीवालीच म्हणत, ते टेबलावर पसरून बसली होती. बाकीच्या पाच गल्ल्यांमध्ये दुकानामागे दहा, बारा, नऊ अशा रेघा. पाचव्या गल्लीत तीन दुकानं मिळून एकशे अडतीस.

"अहो बाई," भोंगा म्हणाला, आणि खालच्या मजल्यावर बहुधा कोणीतरी चहाचा कप खाली ठेवला. "पेरले तीस आणि आले एकशे अडतीस. हे पेरलेलं नाही. हे उगवलंय."

"मोजण्यात चूक असेल."

"मी दोनदा मोजलं, बाई," मोजणीवाली म्हणाली. "आणि शेरेही बघा ना. सगळीकडे तोच."

शेरे दुकानदारांच्या हातचे होते, वाकडेतिकडे. वयस्कर बाई, बाबागाडी. म्हाताऱ्या बाई, सोबत मूल. आजीबाई. बाबागाडीवाल्या आजी.

"आज्या," भोंगा म्हणाला. फळ्यावर त्याने एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्यात तो शब्द लिहिला. "आपण तरुण सुनांच्या मागे लागलो होतो. अहो, मुलाला अंघोळ घालतंय कोण? आजी. साबण ठरवतंय कोण? आजी. शुक्रवारी साबणवाले येतायत. सगळी मोहीम या एका वर्तुळावर आणायची. नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या. बाई, तुम्हीच मांडायचं, पोर तुमचं आहे."

धाकटी तक्ता वाचत होती. बाकी गल्ल्यांत दुकानदारांनी साबणाचं नाव दहीवर, देहवर, दिवर असं कसंही लिहिलं होतं. पाचव्या गल्लीत तिन्ही दुकानांत वेलांटी ऱ्हस्व होती. तळाशी मोजणीवालीची टीप: या गल्लीत दुकानदार नाव अचूक उच्चारतात. ग्राहकांनी अर्थही सांगितल्याचे समजते. गवताच्या पात्यावर पहाटे जमते ते.

दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही. बोटाने दाबलं तर बोटाला कळतं, गालाला नाही. तसं काहीतरी तिला झालं. तिने टीप पुन्हा वाचली. मग तक्ता घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत पाचव्या गल्लीत गेली.

किराणावाला डाळीच्या पोत्याचं तोंड शिवत होता. गल्ल्यामागे तो तक्ता खिळ्याला टांगलेला.

"दहिवर साबण आहे का?" धाकटीने विचारलं. दुसरं काय विचारायचं ते तिला सुचलं नाही.

"तुम्हीपण?" त्याने सुई पोत्यात खोचली. "अजून आला नाही. एक बाई येतात, त्यांच्यामुळे आमच्या सगळ्या गल्लीला पाठ झालाय तो साबण. दिवसातून तीनदा, चारदा येतात. दर वेळी अगदी पहिल्यांदा आल्यासारख्या. नाही म्हटलं की बिचाऱ्या 'बरं' म्हणतात आणि लगेच निघतात. आता मी नाही म्हणत नाही, उद्या येईल म्हणतो. तेवढंच त्यांना बरं वाटतं."

"रेघ दर वेळी मारता?"

"मागितलं की रेघ, असंच सांगितलं होतं ना? बाई एक का असेना."

त्यात त्याची काहीच चूक नव्हती. रेघांचा तक्ता मागणाऱ्यांची डोकी मोजत नाही, मागणी मोजतो. हे तिला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

"बाळ मात्र फार शहाणं," किराणावाला पुन्हा सुईकडे वळत म्हणाला. "मागच्या आठवड्यात गाडी इथेच राहिली. बाई विचारून गेल्या निघून. बाळ एवढंसंही रडलं नाही हो. औषधवाल्याची मुलगी पळत गेली मागे, त्या पार घराच्या फाटकापाशी पोचल्या होत्या. हसल्या. म्हणाल्या, बघ कशी मी. तुम्हाला काय देऊ?"

"काड्यापेटी," धाकटी म्हणाली.

ती बाहेर येऊन उभी राहिली. किराणा ते आईचं फाटक, मध्ये एक वळण होतं आणि एक रस्ता, त्यावरून टेम्पो जात होते. काड्यापेटी तिच्या हातात होती. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं, पण ते वाटणंही लांबून कोणी सांगितल्यासारखं होतं.

टिकली आठवडाभरापासून एक नवा शब्द बोलत होती: "उद्दा." पाणी दिलं तरी उद्दा, दिवा घालवला तरी उद्दा. धाकटीने तो थोरलीला फोनवरून ऐकवला होता. हा कुठून शिकली गं, असं थोरलीने विचारलं तेव्हा ती कौतुकाने म्हणाली होती, "काय माहीत, आईकडून असेल."

आणि बोटं. संध्याकाळी टिकलीची बोटं सुरकुतलेली असायची. दोनदा अंघोळ घालत असेल आई, कधी तीनदाही. लाड, दुसरं काय, असं म्हणून तिने ती बोटं चोखली होती, साबणाची चव येईपर्यंत.

दार आईने उघडलं. केस नीट, चष्मा कपाळावर, घरात सगळं जागच्या जागी. टिकली चटईवर वाट्या एकात एक घालत होती. तिने आजीकडे पाहून दोन्ही हात वर केले.

"आज लवकर?" आई म्हणाली. "बरं झालं आलीस. हिच्यापाशी बस जरा. तुझं ते काम आज राहिलंच बघ, तीन दुकानांचं. पटकन विचारून येते."

"आई, ते झालं."

"कधी झालं? मी जातेच आहे."

ती चपला घालायला वाकली, आणि धाकटीचं लक्ष दाराच्या आतल्या बाजूला गेलं. रोज ती बाहेरच्या बाहेर बाबागाडी लावून पळायची. दार तिच्यासाठी कायम उघडंच असायचं, भिंतीला टेकलेलं. आतली बाजू तिने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

तिथे वहीचे कागद चिकटवले होते. ओळीत, पट्टीने मारलेल्या समासासकट, वर्गाच्या फळ्यावर असायचं त्या अक्षरात. गॅस बंद. नळ बंद. किल्ली गळ्यात. टिकली नऊ ते सहा. जावयाचा फोटो आणि खाली त्याचं नाव. त्याच्या खाली: धाकटीचे काम. किराणा, औषधे, कटलरी. दहिवर आहे का? विचारायचे आणि निघायचे. काम झालं की खोडायचं, एवढं मात्र राहून गेलं होतं. त्यामुळे दाराशी आलं की काम समोर उभं.

सगळ्यात खालचा कागद नवा होता. टिकलीला परत आणणे. खाली दोन रेघा.

आईने तिला वाचताना पाहिलं. एक चप्पल पायात, एक हातात.

"अक्षर बिघडलंय जरा," ती म्हणाली.

"नाही. छान आहे."

"थोरलीला नको सांगू. ती घाबरते."

धाकटीने मान हलवली. मग आई चटईवर जाऊन बसली, टिकलीने तिच्या हातात वाटी दिली आणि तिने ती मोठीत बसवली.

त्या संध्याकाळी धाकटीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मोजे काढत होता.

"दोन महिन्यांपूर्वी मी टिकलीला आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "मला विचारलं, कोण पाहिजे? मग लगेच हसल्या. मी म्हटलं, गंमत केली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नुकतीच कामाला लागली होतीस." मोज्याची घडी घालत तो म्हणाला. "आणि मग गंमतच असेल असं वाटू लागलं."

म्हणजे त्याला माहीत होतं. आईला माहीत होतं. आणि तिला काय, माहीत नव्हतं? तीनदा अंघोळ घातलेली पोर रोज मांडीवर घेऊन? सगळ्यांची मिळून अळीमिळी गुपचिळी, आणि ज्याने त्याने ती दुसऱ्याच्या भल्यासाठी सांभाळलेली. नऊ तास हलू नयेत म्हणून.

"टिकलीला तिकडे ठेवता येणार नाही," तिने म्हटलं. वाक्य अगदी सरळ आलं. नवऱ्याने हो म्हटलं. मग दोघांनी पुढच्या आठवड्याचे वार वाटून घेतले, कोणी कधी रजा टाकायची ते, जसं किराणा सामान कोण आणणार ते ठरवतात.

शुक्रवारी साबणवाले आले, तिघं होते. मोठा साबणवाला, ज्याचं म्हणणं शेवटचं, तो खिडकीकडे पाठ करून बसला. भोंग्याने प्रास्ताविक केलं. फळ्यावर ते वर्तुळ होतं, आता निळ्या रंगात, आणि त्यात आज्या. धाकटी उठली. कागद तिच्या हातात होते, बावीस पानं, तिनेच केलेली, कारण काय करायचं ते ठरेपर्यंत हात काम करत राहिले होते. न बोलता मांडली असती तर चाललंही असतं. मोहीम धावली असती, कोणी तपासलं नसतं, आणि आई पाचव्या गल्लीत आकडा होऊन राहिली असती. तो आकडा राहिला असता तोवर आई बरीच आहे असं म्हणतही आलं असतं.

"पाचव्या गल्लीत आज्या नाहीत," ती म्हणाली. "एकच आहे. ती माझी आई. तिला विसरायला होतं. तिने एकटीने शंभरेक वेळा विचारलंय. हे उगवलेलं नाही."

हे वाक्य तिने अजून थोरलीलाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते साबणवाल्यांनी.

भोंग्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा टेबलापुरता झाला. "बाई, आधी सांगायचं."

"हो."

मोठा साबणवाला फळ्याकडे बघत होता. "पण दुकानदारांना नाव पाठ झालं ना?" त्याने विचारलं. वाईट हेतूने नाही. त्याचा तो धंदा होता.

"झालं. ऱ्हस्व वेलांटीसकट."

"मग तिथूनच सुरू करू. पहिला माल तयार आहे, उद्या पाचव्या गल्लीत टाका." मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "आईंना सांभाळा."

वर्तुळ पुसलं गेलं. भोंग्याने नंतर तिला बोलावून दार लावलं आणि अर्धा दिवस येण्याबद्दलच्या तिच्या अर्जावर न वाचताच सही केली. "माझे वडील," तो म्हणाला, आणि अर्ज तिच्याकडे सरकवला. खालच्या मजल्यावर त्या दुपारी सगळं शांत होतं.

शनिवारी ती टिकलीला घेऊन आईकडे गेली. सोमवारपासून टिकली इथे एकटी राहणार नाही, आम्ही दोघांपैकी कोणीतरी बरोबर असू, हे तिने बाबागाडी आत घेतानाच सांगून टाकलं. बसून सांगितलं असतं तर राहून गेलं असतं.

आई खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होती. "म्हणजे तू येणार रोज?"

"एक दिवसाआड."

"मग बरंच आहे की," ती म्हणाली. पाणी कुंडीतून ओघळून फरशीवर आलं. "ती गाडी राहिली होती ना, त्याच्यामुळे?"

धाकटीने हो म्हटलं.

"मी लिहून ठेवलंय," आई म्हणाली. "पण लिहिलेलं वाचायला दारापर्यंत यावं लागतं गं. गल्लीत कुठे चिकटवणार?"

धाकटीने फडकं घेऊन फरशी पुसली. आई हात पुसत दारापाशी गेली, कागदांसमोर उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं, काम आठवल्याचं समाधान. ती चपला शोधू लागली.

कागद फाडून टाकायला धाकटीने हात वर केला होता. तो तिने तसाच बाबागाडीच्या दांड्यावर ठेवला. "चल," ती म्हणाली, "मी पण येते."

तिघी निघाल्या. रस्ता ओलांडताना आईने टिकलीच्या पायावर हात ठेवला आणि पलीकडे जाईपर्यंत काढला नाही. किराणावाला त्यांना पाहून उभाच राहिला. सकाळीच माल पडला होता. त्याने बोलूही दिलं नाही, फळीवरून वडी काढून आईपुढे ठेवली. हिरवट वेष्टन, त्यावर गवताचं पातं.

"घ्या बाई. आला तुमचा दहिवर."

"उद्दा," गाडीतून टिकली म्हणाली.

"नाही गं, आजच," किराणावाला म्हणाला.

आईने चष्मा डोळ्यांवर घेतला. नाव वाचलं, अक्षरावरून बोट फिरवलं. किराणावाल्याच्या उच्चारातही काही चूक नव्हती. मग ती गोंधळून मागे वळली, आणि शिक्षा होणार नाही अशी खात्री असलेल्या मुलीसारखी हळूच म्हणाली, "धाकटे, आहे म्हणाले तर काय करायचं, ते तू सांगितलंच नव्हतंस."

किराणावाला दोघींकडे बघत होता. तक्त्याची पेन्सिल त्याच्या कानावर होती. धाकटीने तोंड उघडलं, आणि मग तिने काड्यापेटी मागितली. आधीची पर्समध्येच होती.